मायच्या नखांचा रंग

ताईचं लग्न मायच्या नखांवर अडलं होतं, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. ज्यांच्या घरात ते झालं त्यांना तेव्हा अजिबात हसू आलं नव्हतं.

आम्ही सुरतेत गोडादऱ्याला राहायचो, दोन खोल्यांत. गाव खानदेशातलं, पण ते फक्त उन्हाळ्यापुरतं. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाहेर पडलं की गुजराती. आबा उधन्याला लूमवर होते आणि माय त्याच बाजूला एका शेडमध्ये लेस रंगवायची. साडीच्या काठाला लावतात ती लेस. शेडमध्ये ती पांढरीफेक यायची, गठ्ठ्यांनी, आणि व्यापाऱ्यानं साडीचा जो तुकडा पाठवला असेल त्याच्याशी जुळेल असा रंग मायनं तिला द्यायचा. लड काठीनं रंगाच्या टबात बुडवायची, बाहेर काढायची, जरा निवली की हातानं पिळायची, दारात जाऊन उजेडात तुकड्याशेजारी धरायची. नाही जुळला की पुन्हा बुडवायची. मालक वर्षातून एकदा रबरी हातमोजे द्यायचा आणि ते आठवड्यात फाटायचे. शिवाय मायचं म्हणणं, मोजे घातले की लेस हाताला कळत नाही.

हाताच्या कातडीचा रंग दोन दिवसांत जायचा. नखांचा जायचा नाही. राणी, पोपटी, मोरपिशी, गाजरी असे सगळे एकावर एक बसून शेवटी तिची नखं काळपट जांभळी झाली होती. दारात बोट चेमटल्यावर होतं ना नख, तशी दहाच्या दहा. आम्हा पोरींना त्याचं काही वाटायचं नाही. आमच्या गल्लीत कुणाचे हात स्वच्छ होते? कुणाचे तेलकट, कुणाचे डिंकाचे, कुणाचे रंगाचे.

वाटायला लागलं ते ताईचं स्थळ आलं तेव्हा. आबांचे एक चुलत भाऊ होते, सोयरिकी जमवण्यात पटाईत. त्यांनी धुळ्याकडचं घर काढलं. मुलगा एसटीत कारकून, वडील शाळामास्तर. आदल्या वर्षी एक स्थळ "मुलीची आई कारखान्यात जाते" एवढ्याच कारणावरून परत गेलं होतं, म्हणून काकांनी या खेपेला हुशारी केली. मास्तरांना परस्पर सांगून टाकलं, मुलीची आई घरीच असते, उंबरा ओलांडत नाही. आम्हाला हे कधी कळलं? सगळं ठरल्यावर. साखरपुड्याची तारीख धरून काका घरी आले आणि चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, एवढा दिवस निभावून न्या म्हणजे झालं."

निभावून न्यायचं म्हणजे काय, ते त्यांच्याबरोबर आलेल्या काकूनं बरोबर हेरलं. तिनं मायचा हात धरून उलटा केला आणि म्हणाली, "आणि हे?" साखरपुड्याला मुलीच्या आईनं विहिणीला हळदीकुंकू लावायचं आणि तिची ओटी भरायची. ओटी काही लांबून फेकत नाहीत. ओंजळ भरून तांदूळ समोरच्या बाईच्या पदरात घालायचे, तिच्या नाकासमोर, आणि तीही तांदळाबरोबर हातांकडेच बघणार. ताई भिंतीला टेकून उभी होती. ती तेवीस वर्षांची झाली होती, आणि या मुलाचा फोटो तिनं पहिल्यांदाच मागून घेतला होता. तिचा चेहरा असा उतरला की मला बघवेना.

हातात दहा दिवस होते. सीझन चालू होता, त्यामुळे शेडचा मालक सुट्टी देईना. मग आम्ही लिंबू घासलं, सोडा घासला, चिंच घासली, रॉकेल लावून पाहिलं. मी बाजारातून फिक्या गुलाबी नेलपॉलिशची बाटली आणली. ती लावली तर खालून जांभळं दिसायचं आणि वरून गुलाबी, म्हणजे आधीपेक्षा भयाण. माय म्हणाली, "रंग काढाले हायड्रो लागस." हायड्रो म्हणजे शेडमधली पावडर. लेसचा रंग चुकला की त्यात उकळून काढतात. पण त्यानं हाताची सालटी निघतात, हेही तीच म्हणाली. मग ताईच्या एका मैत्रिणीनं सांगितलं की मोठ्या पार्लरात नखांचं वेगळं काम करतात, औषधं असतात त्यांच्याकडे, नखं दुधासारखी करून देतात. ताईला लग्नाची मुलगी म्हणून बाहेर फार फिरू देत नव्हते. मी अकरावीत होते आणि माझ्या तोंडाला हाड नव्हतं. म्हणून मायला न्यायची जबाबदारी माझ्यावर आली.

साखरपुडा रविवारी होता. आम्ही बुधवारी गेलो.

पार्लर घोडदोड रोडला, पहिल्या मजल्यावर. दाराला काळी काच, आतून गुलाबी पडदा, बाहेर पुरुषांना मनाई असल्याची पाटी. मायनं चपला खाली जिन्याशीच काढल्या. मी म्हटलं, "अगं माय, इथं चपला घालूनच जातात." ऐकेल तर शपथ. अनवाणी वर आली. दार उघडलं तसा थंड वारा आणि ब्लीचचा वास एकदम नाकात गेला. गल्ल्यावर मालकीण बसली होती, जाड सोन्याच्या बांगड्या, चष्मा कपाळावर चढवलेला. तिनं मायला पायापासून वरपर्यंत पाहिलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "कामवाळी छे अमारी पासे."

आमच्याकडे कामवाली बाई आहे, असं. मला आधी समजलंच नाही ती हे कुणाला सांगतेय. समजलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. "अमे काम माटे नथी आव्या," मी म्हटलं, "नख कराववा छे."

"कोना?"

"मारी मम्मीना."

जन्मात मी मायला मम्मी म्हटलं नव्हतं. पण त्या बाईपुढे 'माय' म्हणायला जीभ वळेना. मालकिणीनं एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा वहीत पाहिलं आणि सांगितलं की अपॉइंटमेंटशिवाय होणार नाही, उद्या चार वाजता या. आणि आत? आत दोन खुर्च्या ओस पडल्या होत्या आणि एक पोरगी स्टुलावर बसून स्वतःचीच नखं घासत होती! मी ते बोट दाखवून सांगणार होते, पण मायनं माझा दंड असा आवळला की बोलतीच बंद झाली. खाली आल्यावर चपला घालता घालता ती म्हणाली, "ती बी काय करी? तिले काय माहीत आपण कोण शेत." मी म्हटलं, "माहीत नव्हतं तर विचारायचं तोंड नव्हतं का तिला?" शटल रिक्षात मी घरापर्यंत धुमसत होते.

गुरुवारी मायनं अर्धा दिवस टाकला. मुकादमानं तोंड वाकडं केलं ते वेगळंच. तिनं हात साबणानं चार वेळा धुतले, बाहेरची साडी नेसली, आणि आम्ही पावणेचारला पार्लरच्या बाकावर हजर झालो. या खेपेला चपला पायात होत्या, माझ्या धाकानं. मालकीण म्हणाली, "बेसो." म्हणून बसलो. बसलो म्हणजे किती? सव्वाचारला एक गाडीवाल्या भाभी आल्या, भुवया करायला. "आवो आवो भाभी!" त्यांना लगेच आत घेतलं. मग कॉलेजच्या दोघी आल्या, केस कापायला. त्यांनाही घेतलं. मी उठून म्हटलं, आमचा चारचा नंबर आहे. मालकीण म्हणाली, हा, हा, तुमचं काम निराळं आहे, त्याला वेळ लागतो, आधी यांचं पटकन होऊ द्या. मग एक आजीबाई आल्या, मेंदी लावलेल्या केसांच्या, त्यांचंही पटकनच होतं. एक पोरगी ट्रेमधून सगळ्यांना पाणी देत फिरत होती आणि आमच्या बाकाशी येऊन दर वेळी वळत होती. पाच वाजता लाइट गेली. मग तर कुणाचंच काम होईना आणि सगळ्या मिळून सरबत प्यायल्या.

मायला मात्र मजा वाटत होती, देवाशपथ. भुवया करणारी पोरगी दोऱ्याचं एक टोक दातांत धरून झरझर केस उपटत होती, ते ती तोंड उघडं टाकून बघत होती. मला कानात म्हणाली, "हात कसा चालस वं तिना!" मग तिनं पडद्याचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं आणि निकाल दिला की हा गुलाबी पक्का नाही, तीन धुण्यांत उतरेल. मी म्हटलं, "माय, हात आत घे." ती बोटं पदराखाली घेऊन बसली ती मग नंबर लागेपर्यंत तशीच.

साडेसहाला आमचा नंबर लागला. नखांवर काम करणारी पोरगी माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठी असेल. तिनं मायचा हात ओढला, नखं पाहिली आणि हात टाकूनच दिला. "आ शुं छे?" ती मागे सरकली. सुरतेत प्लेग येऊन गेल्याला फार दिवस झाले नव्हते. त्या वर्षानंतर कुणाच्या अंगावर काळं-निळं काही दिसलं की लोक आधी मागे व्हायचे आणि मग विचारायचे. मालकीण उठून आली. चष्मा खाली घेतला, पण हात लावला नाही. म्हणाली, चामडीचा रोग असेल तर आमच्याकडे चालत नाही, बाकीच्या गिऱ्हाइकांचा विचार करावा लागतो.

"रंग शे, रोग नही," माय म्हणाली. मग घाईघाईनं हिंदीत, "रंग है बेन, लेस का रंग."

"तो डॉक्टरनी चिठ्ठी लई आवो."

आणि इथं माझा तोल सुटला. अडीच तास बाकावर बसवलं तेव्हा हात बघायला काय धाड भरली होती? एवढी रोगाची भीती होती तर आल्या आल्या का नाही पाहिलंत? गिऱ्हाईक म्हणजे फक्त गाडीतून येतात त्याच का? मी मराठी, गुजराती, हिंदी, जे तोंडात येईल ते बोलत होते. मालकिणीनं एकदाही आवाज चढवला नाही. ती नुसती म्हणाली, "धीमे बोल, बेटा," आणि त्या 'बेटा'नं मला आणखीच झोंबलं. शेवटी मायनं मला अक्षरशः जिन्यावरून खाली ओढत नेलं. "कसाले भांडस वं? आपलं काम अडेल शे ना?" ती म्हणाली. खरं तेच होतं. काम आमचं अडलं होतं, आणि त्या बाईला ते आमच्या तोंडावर दिसत होतं.

मी म्हटलं, दुसऱ्या पार्लरला जाऊ. पण दुसरं कुठलं? आमच्या बाजूला पार्लर म्हणजे एका बाईच्या स्वयंपाकघरातला आरसा आणि दोरा. शुक्रवारी मी मायला गल्लीतल्या डॉक्टरकडे घेऊन गेले. चिठ्ठी कशाला पाहिजे म्हणून त्यानं विचारलं, मी सांगितलं पार्लरला, तर तो खुर्चीतल्या खुर्चीत हसायलाच लागला. त्याच्या दवाखान्यात ताप-खोकल्याची पाच-सहा माणसं बसली होती, तीही हसली. माय जमिनीकडे बघत होती. त्यानं इंग्रजीत दोन ओळी लिहून शिक्का मारून दिला. ती चिठ्ठी मी कंपासपेटीत जपून ठेवली, जणू बोर्डाचं हॉलतिकीटच.

शनिवारी पार्लर खचाखच भरलेलं. लग्नसराई होती. मालकिणीनं चिठ्ठी वाचली, उलटी करून मागची कोरी बाजूही पाहिली, आणि परत "बेसो." पुन्हा बाक. पुन्हा दीड तास. मी दातओठ खात बसले होते, पण बोलले नाही, कारण उद्या रविवार होता आणि ही संधी गेली तर गेलीच. एक नवरी आत रडत होती, तिच्या चेहऱ्याला कसली तरी आग होत होती, आणि मालकीण तिला सांगत होती की आग होते म्हणजे असर होतोय.

मग तीच पोरगी आली. कोमट पाण्याचं घमेलं, त्यात शाम्पूचा फेस. मायनं हात बुडवले. दहा मिनिटांत पाण्याला जांभळट झाक आली. पोरीनं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. मग तिनं कानस काढून डाव्या अंगठ्याचं नख घासायला घेतलं आणि अर्ध्या मिनिटात ते छान गोल, गुळगुळीत करून टाकलं. मायच्या तेव्हा ध्यानात आलं. तिनं हात झटक्यात ओढून घेतला. "नही नही! आज शनिवार है! नख नहीं काटने का!" पोरगी म्हणाली, मासी, कापत नाही, घासतेय. मायला ते काही पटेना. शनिवारी नख कमी करायचं म्हणजे करायचं नाही, मग कापा की घासा. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी तर नाहीच नाही. मी हात जोडले, "माय, तुझ्या पाया पडते," तरी नाही. म्हणजे एक अंगठा राजकन्येचा आणि नऊ बोटं लेसच्या शेडची. शेजारच्या खुर्चीतली बाई तोंडावर रुमाल धरून हसत होती, मला दिसत होतं.

आता उरलं औषध. पोरीनं कापसाचा बोळा कसल्याशा बाटलीत बुडवला. नेलपॉलिश काढायचं ते पाणी, झोंबरा वास. तिनं नखावर घासलं आणि बाई गं, रंग निघाला! कापूस जांभळा झाला. मला वाटलं, झालं काम, उगाच या लोकांना शिव्या घातल्या. पण तो रंग नखातून निघाला तो गेला कुठे? बोटांवर. ती जितकं घासत होती तितका तो पसरत होता. आधी नखाच्या कडेला, मग पेरावर, मग चिरांमध्ये. नख जरा फिकं झालं आणि बोट जांभळं. घाबरून तिनं मायचे दोन्ही हात टॉवेलवर दाबले. पांढराशुभ्र टॉवेल, आणि त्याच्यावर दहा बोटांचे दहा ठसे.

मालकीण धावत आली. "आ तो मारो नवो टुवाल!" मग जे सुरू झालं ते काय सांगू. तिला टॉवेलची पडली होती. टॉवेलचे पैसे वेगळे द्यावे लागतील. असले हात घेऊन लोक येतात कशाला. मी म्हटलं, असलेच हात नीट करायला आलो होतो, तुमच्याकडे औषध आहे म्हणतात, तुम्ही चिठ्ठी मागता, तीन तीन दिवस बसवता, आणि शेवटी काय केलंत, बघा! माय तेवढ्यात त्या टॉवेलचं टोक हातात घेऊन बघत होती. ती मालकिणीला मोडक्या गुजरातीत समजावू लागली की बेन, हे निघेल, गरम पाण्यात हायड्रो टाकून उकळायचं, मी आणून देते, नव्यासारखा होईल. रंग काढण्यात सुरतेत तिचा हात धरणारी बाई नव्हती, आणि ती फुकट करून द्यायला तयार होती. मालकिणीनं तिच्या हातातून टॉवेल हिसकून घेतला.

पोरीचा चेहरा रडवेला झाला होता. तिनं मालकिणीला विचारून सगळ्यात गडद मरून पॉलिश काढलं आणि एकेक बोट धरून दोन हात दिले. नखं झाकली गेली. बोटं पहिल्या पेरापर्यंत जांभळट राहिली ती राहिलीच. टॉवेलसकट पैसे मोजून आम्ही खाली उतरलो तेव्हा अंधार पडत होता. माय हात समोर धरून चालत होती, पॉलिश कुठे लागू नये म्हणून. रिक्षात मी त्या मालकिणीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

इथपर्यंतचा किस्सा मी आजवर कितीजणींना सांगितला असेल, मोजदाद नाही. मालकिणीची नक्कल करते, शनिवारचं सांगते, टॉवेलवर आले की बायका पोट धरून हसतात आणि म्हणतात, काय ते मेले लोक! मी पण म्हणते, काय ते लोक! आणि तिथं थांबते. पुढचं सांगत नाही.

रविवारी माय पहाटेच उठून कामाला लागली होती. पाहुण्यांसाठी वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. बट्टीचं पीठ घट्ट मळावं लागतं, आणि ते दुसऱ्या कुणी मळलेलं तिला पसंत पडत नाही. नऊ वाजता काकू आली आणि तिनं पाहिलं तर पॉलिशचे टवके उडालेले. निम्मी नखं मरून, निम्म्यांतून जुनं काळं डोकावतंय, भोवती जांभळी बोटं. पिठात टवके गेले असतील म्हणून काकूनं ते पीठ बाजूला काढायला लावलं. आबा आणि काका बाहेर सतरंज्या घालत होते. ताई आत साडी नेसत होती, तिच्या निऱ्या पुन्हा पुन्हा सुटत होत्या.

मायनं हात धुतले, ठेवणीतली साडी नेसली, हिरव्या बांगड्या भरल्या होत्या त्या पुढे ओढल्या. ओटीचं ताट तिनं रात्रीच लावून ठेवलं होतं. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, खण. ते उचलून ती बाहेरच्या खोलीकडे निघाली. काकूनं माझ्याकडे पाहिलं. मग मीच बोलले.

"माय, तू बाहेर येऊ नको."

ती थांबली.

"ओटी काकू भरेल. तू आतच बस. डोकं दुखतंय म्हणून सांगू."

"विहीण काय म्हणी?" तिनं विचारलं.

"ते मी बघते. तू हे हात घेऊन बाहेर येऊ नको, बस्स. ताईचं वाटोळं करायचंय का?"

हे मी म्हटलं. माझ्या तोंडचे शब्द आहेत, दुसऱ्या कुणाचे नाहीत. मायनं ताट काकूच्या हातात दिलं, आतल्या खोलीत गेली आणि पाण्याच्या माठाशेजारी भिंतीला टेकून बसली. मी मधला पडदा ओढून घेतला.

पाहुणे आले. मास्तर बरे होते, विहीणबाई तर फारच साध्या. ताईला कुंकू लावलं, साडी दिली, पेढ्याबरोबर साखर भरवली. काकू ओटी भरायला पुढे झाली तशा विहीणबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "मुलीची आई कुठेय?" काका घसा खाकरत होते. त्यांच्या आधी मीच म्हटलं, "तिला ताप आहे."

"अगबाई! मग बघून तरी येते," म्हणत त्या उठल्याच. मी पडद्याच्या पुढे जाऊन उभी राहिले. "आत्ताच डोळा लागलाय तिचा." मी इतक्या सहज बोलले की माझं मलाच नवल वाटलं. त्या बसल्या. माझ्या पाठीमागे पडद्यापलीकडे बांगड्या वाजल्या आणि लगेच थांबल्या. ताईनं ते ऐकलं. ती कुंकवाखालून माझ्याकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बायका म्हणाल्या, सासरी जायचं म्हणून रडतेय पोर. सुपारी फुटली. लग्न ठरलं.

लग्न झालं, चांगलं झालं. दोन महिन्यांनी मायचं काम ताईच्याच तोंडून सासरी निघालं. विहीणबाई म्हणाल्या म्हणे, "हात्तिच्या! मग आमच्या साड्यांना लेस तिकडूनच मागवत जाऊ." एवढंच. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला ते एवढंच होतं.

पण त्या रविवारी संध्याकाळी ते आम्हाला कुठे माहीत होतं? पाहुणे गेले, सतरंज्या गुंडाळल्या, सगळ्यांची जेवणं झाली. माय बाहेर आली आणि उष्टी ताटं गोळा करू लागली. माझा राग अजून उतरला नव्हता. मी काकूला पार्लरचं रामायण तिखटमीठ लावून सांगत होते. त्या बाईनं वाट लावली म्हटलं, नाहीतर आज माय मानानं बाहेर बसली असती. तीन दिवस बाकावर बसवून ठेवलं तिला, माणूस म्हणून किंमत नाही दिली.

माय ताटांवर ताट रचत होती. वर न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बठाडं खरं वं त्यासनी. पन ती पोरनी मना हात हातमा ते लिन्हा."

बसवलं खरं, पण त्या पोरीनं माझा हात हातात तरी घेतला, असं माय म्हणाली होती. रागानं नाही, टोमणा म्हणूनही नाही. मग ती ताटं उचलून मोरीकडे गेली आणि घासायला बसली, आणि मला तिच्या शेजारी जाऊन बसवेना.